हक्काचे पाणी आणि आपली पाळी
(बारामती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



नागरिकाने सरकारकडून काय अपेक्षावे आणि स्वतःच्या शिरावर काय घ्यावे, असा विषय आपण मला दिला आहे. शहरातील एखाद्या सभागृहात या विषयावर दोन तास बोलणे मुळीच अवघड नाही. बारामती-इंदापुरात मात्र ते अवघड जाते. या दोन तालुक्यांच्या एका अंगाला नीरेचा डावा कालवा वाहतो, माळेगाव, पणदरे, सणसर या पट्ट्यात ऊस उभा असतो. दुसऱ्या अंगाला सुपे, मोरगाव, लोणी भापकर ही जिरायत गावे आहेत. तेथे पाऊस हुकला की माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. सरकार एक, कायदा एक, मतही प्रत्येकाला एकच. आणि तरीही 'सरकार' या शब्दाचा अर्थ दहा कोसांवर बदलतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी तत्त्वापासून सुरू न करता पाण्यापासून सुरू करणार आहे.

अलीकडे एक वाक्य फार ऐकू येते. 'लोक परावलंबी झाले, सगळे सरकारने करावे म्हणतात.' हे वाक्य कोण उच्चारतो, इकडे लक्ष द्या. खडी फोडणारी बाई ते उच्चारीत नाही. ते बहुधा बागायतदाराच्या ओसरीवर किंवा पगारदाराच्या दिवाणखान्यात ऐकू येते. शिवाय ते नवेही नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा इथवर खाली आणली. अधिक दिले तर रयत आळशी होईल आणि तिजोरी रिकामी होईल, ही त्यामागची भूमिका होती. उपाशी माणसांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले, दख्खनमध्ये मजुरांनी संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मला तो संप फार महत्त्वाचा वाटतो. भुकेल्या माणसाने भीक मागितली नाही, काम सोडून पळ काढला नाही. कामाचे योग्य मोल मागितले. हक्क आणि जबाबदारी ही दोन्ही त्या मागणीत एकत्र होती. त्यांची फारकत सरकारने केली.

त्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा उभा राहिला. १८८५ च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले. दुष्काळापासून संरक्षण हा त्याचा हेतू होता. म्हणजे जास्तीत जास्त रानाला थोडे थोडे पाणी मिळावे आणि ज्वारी-बाजरी वाचावी. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. तिच्यात उसाला क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा आणि उरलेल्यावर हंगामी पिके असा हिशेब होता. तो हिशेब कागदावर राहिला व ऊस शेतावर राहिला. संरक्षक कालव्याचे असे बागायती कालव्यात रूपांतर झाले. हे कोणा एका माणसाचे पाप नव्हे. पैसा जिकडे ओढतो तिकडे पाणी जाते, आणि त्याला आवर घालणे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नसते. तेथे सरकार लागते. नागरिकाने सरकारकडून अपेक्षावयाची पहिली गोष्ट मी हीच मानतो की, जे सर्वांचे आहे त्याची वाटणी सरकारने करावी, आणि ती डोळ्यांदेखत करावी. आपल्या घटनेच्या ३९ व्या कलमात समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असे सांगितले आहे. नीरेचे पाणी हे साधनसंपत्ती नाही काय?

आता ज्यांना स्वावलंबनाचा फार अभिमान आहे त्यांच्याविषयी. आपल्या सहकारी साखर कारखान्यांचा मला आदर आहे. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विख्यांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, जी वाट पाडली तिच्यावरूनच सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर उभे राहिले. शेतकऱ्याने भागभांडवल घातले, हे खरे. पण सरकारनेही भागभांडवल घातले, कर्जाला हमी दिली आणि कालव्याचे पाणी दिले, हेही तितकेच खरे. ती मदत घेताना कोणी परावलंबी झाला नाही. मग बीड-नगरकडून कोयता घेऊन येणारे जोडपे फडाच्या कडेला पाल ठोकून राहते, त्याने पोरांसाठी शाळा आणि बाळंतिणीसाठी दवाखाना मागितला की तेवढेच कसे परावलंबी ठरते? सरकारने वरच्याला दिले तर ते 'प्रोत्साहन' आणि खालच्याला दिले तर 'फुकट', ही भाषा आपण आपल्या तोंडून तरी काढू नये.

इंदापूरकरांना मी आणखी एक आठवण देईन. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठच्या काळ्या रानासह अनेक गावे पाण्याखाली गेली. जलाशय उतरला की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि आपण ते पाहायला जातो. त्या देवळाभोवती एक गाव होते. त्या गावाने नागरिकाचे सर्वांत मोठे कर्तव्य केले, म्हणजे दुसऱ्यांच्या पाण्यासाठी आपली जमीन दिली. आणि सरकारचे कर्तव्य? प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने १९७६ साली केला; तोवर उजनीचे काम किती तरी पुढे गेले होते. नागरिक आधी आणि सरकार मागून, असा तेथला क्रम होता.

त्याच १९७६ सालची दुसरी गोष्ट सांगतो. घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये त्या वर्षी, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. तेव्हा आणीबाणी होती. मधू लिमये, मधू दंडवते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. हक्क कोंडून ठेवले होते आणि कर्तव्यांची यादी छापली जात होती. यादीतली कलमे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. परंतु राज्यकर्ता जेव्हा मोठ्याने कर्तव्याची शिकवण देऊ लागतो तेव्हा आपल्या हक्काचे काय चालले आहे ते नागरिकाने आधी तपासावे, एवढे तो अनुभव शिकवतो. २०१३ च्या दुष्काळात उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरकडचा एक कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. तेव्हा याच इंदापूर तालुक्यात निंबोडीच्या सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी त्याची जी थट्टा केली ती साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. माफीनंतर ती गोष्ट मी उगाळणार नाही. मला सभेतल्या हशाची आठवण होते. तो हशा राज्यकर्त्याचा नव्हता, श्रोत्यांचा होता. आणि ते श्रोते स्वतः दुष्काळात होते.

येथून मी आपल्या बाजूकडे वळतो, कारण हशा पिकविणारे श्रोते कोणी परके नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने या राज्याला एक मोठी गोष्ट दिली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव बांधले, सुकडी खाल्ली, पण गाव जगले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्यातून रोजगार हमी आली. १९७७ साली विधिमंडळाने एकमताने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर बसला. या कायद्याची रचना पाहा. सरकारने काम द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा. मजुराने अंग मोडून काम करावे. शहरवासीयाने कर भरावा. तिघांवरही काही ना काही बंधन होते. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आणि आपण कार्यकर्त्यांनी त्या हक्काचे काय केले? काम मागण्याचा अर्ज मजुराने स्वतः भरावा, पोच स्वतः घ्यावी, यासाठी आपण त्याला शिकवावयास हवे होते. बहुतेक ठिकाणी आपणच अर्ज भरला, आपणच साहेबाला भेटलो, आणि मजुराने आपले आभार मानले. आभार ऐकायला गोड लागतात. पण जेथे आभार मानले जातात तेथे हक्काचा उपकार झालेला असतो. कार्यकर्ता मग दाखले मिळवून देणारा मध्यस्थ होतो, आणि त्याच्यापेक्षा वरचढ मध्यस्थ सत्ताधारी पक्षाकडे नेहमीच असतो.

कालव्यावर चला. नमुना नंबर सातचा पाणी अर्ज न भरता पाणी घेणारे किती आहेत, हे या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री कालव्यात सायफन पडतात, ते कोणाचे आहेत हेही ठाऊक आहे. पाणीपट्टी थकविणे ही लढाई आहे असे आपल्यातले काही जण मानतात. पाणी मिळाले नाही म्हणून पट्टी न भरणे हा लढा होऊ शकतो. पाणी घेऊन न भरणे ही निव्वळ चोरी आहे. ती सरकारची चोरी नव्हे. टोकाला, इंदापूरच्या शेवटच्या चारीवर जो शेतकरी पाळीची वाट पाहत दारे धरायला बसला आहे, त्याची ती चोरी आहे. पाटकऱ्याने पैसे खाल्ले म्हणून आपण ओरडतो. त्याला ते देणाऱ्या हाताविषयी गप्प बसतो.

एकट्याने सुधारावे असेही मी म्हणत नाही. वरचा प्रामाणिक शेतकरी दारे वेळेवर बंद करील आणि खालचा फोडून घेईल, तर प्रामाणिकपणा मूर्खपणा ठरतो. म्हणून व्यक्तीची जबाबदारी आणि सरकारची जबाबदारी यांच्या मधोमध तिसरी एक जागा आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्याची जागा तीच. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. उपसा योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा, निम्मा भार सरकारी अनुदानाचा. सरकारला तेथे सुट्टी दिलेली नाही आणि लोकांनाही दिलेली नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरला आपल्या विचाराचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणाच्या टोकाकडील शेतकऱ्यांना जमवून १९९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था चालू केल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी आधी भरायची, मग खात्याला जाब विचारायचा. पट्टी भरलेल्या माणसाचा आवाज कचेरीत वेगळा लागतो, हा त्यांचा अनुभव आहे. त्या मार्गाचा कायदाही राज्याने २००५ साली केला. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन साधने सांगितली होती. मतपेटी आपण विसरलो नाही, तुरुंगाच्या आठवणी सांगतो. फावडे मात्र कोपऱ्यात गंजले.

मागच्या उन्हाळ्यात एका जिरायत गावात टँकरपाशी उभा होतो. हंडे ओळीने लागले होते, नंबर ठरलेले, म्हाताऱ्या माणसांचे हंडे पुढे. मी एका बाईंना म्हणालो, भांडणे होत असतील. त्या म्हणाल्या, "दादा, हितं कसलं भांडण? पाणी थोडं हाय, सगळ्यांना दिसतंय. भांडणं तिकडं कालव्यावर असत्यात, जिथं पाणी लई हाय."

पुढचे आवर्तन सुटेल तेव्हा आपल्यापैकी दहा जणांनी कालव्याच्या मुखापासून इंदापूरच्या टोकापर्यंत पायी जावे, असे मी सुचवितो. वही बरोबर असावी. कोणत्या दिवशी कोणत्या चारीला किती तास पाणी आले, अर्ज किती होते, सायफन किती दिसले, सगळे लिहून घ्यावे. त्यात आपल्या पक्षाच्या माणसाचा सायफन सापडला तर त्याचे नाव पहिल्या पानावर लिहावे. ती वही घेऊन मग आपण पाटबंधारे कचेरीत जाऊ.