खेळावर खापर, बंदुकीला अभय

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'माध्यमं आणि हिंसा' या विषयावर बोला, असं मला सांगितलं गेलं. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच धागा घेणार आहे, आणि तोही अमेरिकेतला. एखादा भयंकर गुन्हा घडला की पुढाऱ्यांनी व्हिडिओ गेमकडे बोट दाखवायचं, हे तिथे तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या आरोपाची छाननी तिथल्या संसदेत झाली, सर्वोच्च न्यायालयात झाली, मानसशास्त्रज्ञांनीही केली. म्हणून तो नीट तपासून बघता येतो.

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. टेक्सासमध्ये सरहद्दीवर एल पासो शहर आहे. तिथल्या वॉलमार्टच्या दुकानात एका तरुणाने गोळीबार केला. २३ माणसं गेली. लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक आमच्या राज्यावर आक्रमण करताहेत, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. म्हणजे कारण शोधायला कुठे जायची गरजच नव्हती. काही तासांतच ओहायोतल्या डेटन शहरात आणखी ९ जण मारले गेले. त्यातली एक मारेकऱ्याची सख्खी बहीण होती. मग राष्ट्राध्यक्ष ट्रम्प देशापुढे बोलले. वंशद्वेषाचा निषेध त्यांनी केला, नाही असं नाही. पण त्याच भाषणात हिंसक व्हिडिओ गेमनाही जबाबदार धरलं. त्याच आठवड्यात वॉलमार्टने अशा खेळांच्या जाहिराती दुकानांतून काढायला सांगितल्या. बंदुका मात्र विकायला होत्याच! काही प्रकारची काडतुसं विकणं बंद करू, असं कंपनीने पुढच्या महिन्यात जाहीर केलं.

याची सुरुवात १९९३ची. सिनेटर लीबरमन आणि कोल यांनी संसदेत सुनावणी घेतली. त्यात 'नाइट ट्रॅप' नावाचा एक खेळ गाजला. बायकांवरच्या हल्ल्यांचा हा खेळ, असा त्याचा बोभाटा झाला. खरं तर त्यात खेळणाऱ्याने घरातल्या मुलींना वाचवायचं होतं. मला तो खेळ सुमारच वाटतो, पण आरोप करण्याआधी निदान तो बघावा तरी! त्यातून १९९४ साली खेळांवर वयोगटाची चिठ्ठी लावण्याची पद्धत आली. ती चांगलीच झाली. मग १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत हत्याकांड झालं आणि 'डूम' या खेळाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. २००५ साली कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना हिंसक खेळ विकण्यावर बंदी आणली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते आर्नल्ड श्वार्झनेगर. त्यांचे सिनेमे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा कायदा रद्द केला. खेळांमुळे मुलं हिंसक कृत्यं करतात, हे राज्याला दाखवता आलं नव्हतं.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये जवळपास हेच म्हटलं. आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी या खेळांचा थोडा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसाचार खेळांमुळे होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आणि साधा हिशोब करून बघा. हेच खेळ जपानमध्ये खेळले जातात, कोरियात खेळले जातात. तिथे बंदुकीने मरणाऱ्यांची संख्या अमेरिकेच्या मानाने नगण्य आहे. खुद्द अमेरिकेत गेम खेळणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका-मुली आहेत. मग सामूहिक गोळीबार करणारे बहुतेक सगळे पुरुषच कसे? हा प्रश्न भाषणात येत नाही.

आपल्याला रस आहे तो इथे. खेळाचं नाव घेतलं की काय झाकलं जातं?

डिसेंबर २०१२, सँडी हुक. शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. पण मारेकऱ्याची पहिली गोळी घरी चालली होती, आपल्या आईवर. आठवड्याभरात बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी व्हिडिओ गेमवर ठपका ठेवला. मे २०२२, युवाल्डी. शाळेकडे निघण्याआधी त्या मुलाने आजीवर गोळी झाडली. ती कशीबशी वाचली. नोव्हेंबर २०१७, सदरलंड स्प्रिंग्सचं चर्च. मारेकरी हवाई दलात असताना बायकोला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ साली लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली होती. कायद्याने त्याला बंदूक विकताच येत नव्हती. पण हवाई दलाने ती नोंद एफबीआयकडे पाठवलीच नाही, आणि त्याने दुकानात जाऊन बंदुका घेतल्या. त्या चर्चमध्ये त्याची सासू अधूनमधून जात असे. तिला तो धमक्या देत होता. आपल्याकडे मदत केंद्रात बसणाऱ्या कोणत्याही बाईला यातलं काही नवीन वाटणार नाही.

घरात मारणाऱ्या पुरुषाच्या हातून बंदूक काढून घेणारा कायदा तिथे १९९६ साली झाला. त्यात नवरा आला, एकत्र राहणारा आला, मुलाचा बाप आला. नुसता मित्र मात्र सुटला. युवाल्डीनंतर, २०२२ साली, तोही काही अंशी कायद्यात आला. म्हणजे मधली २६ वर्षं गेली. त्या काळात गेमबद्दल किती भाषणं झाली असतील, विचार करा. ज्याच्याविरुद्ध संरक्षणाचा हुकूम आहे त्याच्याकडे बंदूक नको, हा नियमही एका खालच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मोडीत काढला होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो टिकवला.

हे ऐकताना मला १९९० चं उल्हासनगर आठवतं. परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळून मारलं. तेव्हाही हिंदी सिनेमाचं नाव घेणारे पुष्कळ भेटायचे. सिनेमातला हिरो नाही म्हणणाऱ्या मुलीच्या मागे लागतो हे खरंच आहे, आणि त्यावर आपण बोललोच पाहिजे. पण ती मुलगी नाही म्हणत होती तेव्हा तिचं ऐकलं कोणी, हे विचारायचं राहून जातं.

मग गेम निर्दोष, असं का? मुळीच नाही. त्यातल्या बायका कशा दाखवल्या जातात, यावर अनिता सार्कीशियन या स्त्रीवादी समीक्षकाने चित्रफिती केल्या. खेळांवर बंदी घाला, असं ती म्हणत नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिचं युटा राज्यातल्या विद्यापीठात व्याख्यान होतं. माँट्रियलला १९८९ साली एका पुरुषाने मुलींना वेगळं काढून, स्त्रीवाद्यांना शिव्या घालत १४ जणींना मारलं होतं. तसंच इथे करीन, अशी धमकी विद्यापीठाला आली. विद्यापीठ तरीही व्याख्यान ठेवायला तयार होतं. दारात झडती घ्या, बंदुका आत येऊ देऊ नका, असं तिने सांगितलं. परवाना असलेल्याला राज्याच्या कायद्याने बंदूक आत नेता येते, आम्हाला अडवता येणार नाही, असं उत्तर मिळालं. तिने व्याख्यान रद्द केलं.