पायांची दुर्गंधी आणि बाळाची पावले

मृगाच्या सरी कोसळल्या की यवतमाळ जिल्ह्यातील काळी जमीन पायांस सोडीनाशी होते. पुसद असो, दारव्हा असो की वणी, पऱ्हाटीच्या वावरात गेलेला मनुष्य पायांस चिखलाचे ओझे घेऊनच घरी परततो. शहरातील नोकरदार आणि शाळकरी मुले या चिखलातून सुटतात खरी. पण त्यांची पावले बूट व पायमोजे यांच्या कोंडवाड्यात सापडतात. सायंकाळी मुलगा शाळेतून येतो, दाराशी बूट काढतो, आणि आजी नाकाशी पदर धरते. भावंडे हसतात, आई रागावते. वर्गात तर बाकावरचा सोबती आधीच अंग चोरून दूर सरकलेला असतो. हा केवळ विनोदाचा विषय नव्हे. अशा हसण्याने लाजाळू मूल मनातून खचते. आणि पुष्कळदा त्याचा स्वतःचा अपराध काहीच नसतो.

वस्तुतः ताज्या घामास फारसा वास नसतो. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. हा घाम मोकळ्या हवेत वाळून जातो. बुटात मात्र तो कोंडतो, कातडी भिजून मऊ पडते आणि तिच्यावर सदैव वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जंतूंची चैन होते. घामातील ल्युसीन नावाच्या द्रव्याचे हे जंतू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवितात. पायांच्या दुर्गंधीत याच आम्लाचा मोठा वाटा असल्याचे जपानी संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. तात्पर्य, वास पायाचा नसून कोंडलेल्या ओलाव्याचा असतो. म्हणून अत्तर शिंपडून तो झाकण्यापेक्षा ओलावा घालविणे हाच खरा उपाय होय.

हा उपाय कोणत्याही घरास परवडेल असा आहे. पाय रोज साबणाने धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्याव्यात. पुष्कळ लोक धुतात, पण टिपीत नाहीत. तेथेच चूक होते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तेथील मुलांच्या पायांत सुती मोजे शोभतात आणि मानवतातही. परंतु सूत घाम शोषते तसेच तो धरूनही ठेवते. यास्तव मोजे रोज बदलावेत, फार घाम येत असल्यास दिवसातून दोनदा बदलावेत. ते उलटे करून धुवावेत व कडक उन्हात वाळवावेत. साधेल त्याने बुटांचे दोन जोड ठेवून आलटून पालटून वापरावेत, कारण आत मुरलेला ओलावा एका रात्रीत निघत नाही. एकच जोड असेल तर घरी येताच पातावा काढून बूट वाऱ्यावर ठेवावा. ओला बूट पुन्हा पायांत घालणे म्हणजे कालचेच जंतू आज पोसणे होय.

एवढे करूनही वास जात नसेल, तर तळवे नीट न्याहाळावेत. टाचेवर किंवा चवड्यावर बारीक खळगे दिसल्यास तो जंतूंचा विकार असतो. बेचक्यांत कातडी पांढरी पडून चिरत असेल, तर त्या चिखल्या होत. दोहोंवर मलमे आहेत. पण ती भिन्न असल्यामुळे वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेही मनुष्याने तर अशी लहानशी चीरही अंगावर काढू नये.

आता घरातील सर्वांत लहान पावलांकडे वळावे. पाऊल कोरडे आणि मोकळे असावे, हा मोठ्यांचा नियम बाळासही लागू पडतो, किंबहुना अधिकच. बारशाच्या आहेरात चिमुकले बूट येतात, फोटोपुरते ते गोजिरवाणे दिसतात. तथापि बाळाच्या पायाची हाडे अद्याप बहुतांशी कूर्चेचीच असतात. जोडा कोठे चावतो हे घालणारासच ठाऊक, असे म्हणतात. पण या घालणारास बोलता येत नाही. चालू न लागलेल्या मुलास बुटांची गरज नाही. चालू लागल्यावर घरात अनवाणीच फिरू द्यावे. बाहेर काटे, उकिरड्याची माती आणि मे महिन्यातील तापलेली जमीन यांपासून रक्षण हवे; तेथे हलकी, लवचिक तळाची, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरेल अशी चप्पल पुरे.

तान्ह्याचे तळवे सपाट दिसतात म्हणून आईबाप घाबरतात. त्या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते. कमान पुढे काही वर्षांत हळूहळू घडते. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी कर्नाटकात ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांची पावले तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी वाढलेल्यांत शेकडा २.८ आढळले. बंद बुटांत ते सर्वाधिक होते.

स्नानानंतर बाळाच्या बेचक्यांतील तेल व पाणी हलक्या हाताने टिपावे. पावडरीची धूळ उडवू नये. ती श्वासावाटे छातीत जाते. प्रसूतीनंतर काही महिन्यांनी आईचे केस पुष्कळ गळतात. असा एखादा केस किंवा मोज्यातील सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती आवळला, तर रक्त अडून बोट गमावण्याची पाळी येते. म्हणून मोजे उलटून पाहूनच घालावेत. अकारण सतत रडणाऱ्या बाळाची दहाही बोटे पाहावीत. नजरेचा काळा दोरा किंवा वाळा घातलाच, तर बाळ वाढते तसा तो सैल करावा.

नवजात बालकाची गोष्ट थोडी निराळी. थंडीत त्याला टोपडे आणि मोजे हवेतच. त्याचे पोट व तळवे दोन्ही हातांनी चाचपावेत. पोट उबदार पण तळवे गार असतील, तर आईने त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. दोन्ही गार असतील, तर त्याच उबेत धरून तत्काळ दवाखाना गाठावा.

शेवटी पुन्हा वासाकडे. तान्ह्या बाळाच्या पायांस सहसा वास येत नाही. परंतु नवजाताच्या अंगास घामट पायांसारखा वास येत असेल, ते दूध ओढीत नसेल, ओकत असेल, मलूल पडत असेल, तर त्याला धुऊन स्वस्थ बसू नये. १९६६ साली वर्णिलेल्या एका दुर्मीळ जन्मजात विकारात हेच आयसोव्हॅलेरिक आम्ल शरीरात साठते. तेथे एका दिवसाचा विलंबही प्राणावर बेतू शकतो. वेळीच निदान झाल्यास मात्र आहार व औषधे यांनी मूल वाचते आणि वाढते.

एकच वास, शाळकरी मुलापाशी तो कोरडा मोजा मागतो, तान्ह्यापाशी डॉक्टर. नाक मुरडण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसांनी एवढा विवेक केला, तर पुष्कळ लज्जा टळेल, आणि क्वचित एखादा जीवही वाचेल.