एका विषयाची किंमत : गुणपत्रिका आणि शिष्यवृत्ती
(व्याख्यानाची संहिता)



अँटॉप हिलच्या परिसराला शिक्षणाची जागा शोधत फार दूर जावे लागत नाही. एका बाजूला वडाळ्याची महाविद्यालये, पलीकडे माटुंग्याचे रुईया, पोदार, खालसा आणि व्हीजेटीआय, तर उत्तरेला शीव. येथील केंद्र सरकारी वसाहतीतील, चाळींतील आणि झोपडवस्तीतील मुले सकाळी एकाच बसमधून महाविद्यालयात जातात. मात्र महाविद्यालय जवळ असणे आणि शिक्षण परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर बऱ्याच घरांत शिष्यवृत्तीच्या आधाराने पार पडते. तो आधार कसा मिळवावा याची चर्चा सर्वत्र होते. मिळालेला आधार मध्येच का सुटतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. आजचा विषय तोच आहे.

एका विद्यार्थ्याची कल्पना करावी. पहिल्या वर्षी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्या वर्षी वडिलांच्या आजारपणात दोन विषय राहिले. त्याला एटीकेटी मिळाली आणि पुढील वर्गात बसण्याची परवानगीही मिळाली. घरात सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. काही महिन्यांनी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज नामंजूर झाल्याचे समजले. तोवर शुल्काचा हप्ता दाराशी येऊन ठेपला होता. अशा वेळी मुलगा नोकरी धरतो, हजेरी घटते, राहिलेले विषय तसेच राहतात आणि शिक्षण गुपचूप संपते. त्या घरात कोणी "शिक्षण सोडले" असे म्हणत नाही. "यंदा राहिले" एवढेच म्हणतात.

येथे मूळ गैरसमज ध्यानात घ्यावयास हवा. एटीकेटी ही विद्यापीठाने दिलेली सवलत आहे. साहाय्य देणाऱ्याने ती मान्य केलीच पाहिजे असे नाही. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर या दोन स्वतंत्र खातेवह्या आहेत. एकीत बाकी पुढे ओढली गेली, म्हणून दुसरीत उधारी मिळेलच असे नाही.

उदाहरणे पाहू. महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची केंद्र शासनाची गुणवत्ता शिष्यवृत्ती २००८-०९ पासून चालू आहे. बारावीला आपल्या मंडळात व शाखेत वरच्या २० टक्क्यांत आलेल्या, मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना ती मिळते. २०२२-२३ पासून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी तिची रक्कम वर्षाला १२,००० रुपये आहे. तिच्या नूतनीकरणास दरवर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. उलट अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत निकष होता तो पुढील वर्गात जाण्याचा. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या अभ्यासक्रमांत पहिल्या अपयशानंतरही ती चालू ठेवता येत असे; त्याच वर्गात पुन्हा अपयश आल्यास मात्र वर्ग ओलांडेपर्यंतचा खर्च विद्यार्थ्याने सोसावयाचा होता. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रमाच्या काळात दोन वा अधिक वर्षांचा खंड नसावा, अशी अट आहे. तात्पर्य, एकीचे लक्ष गुणांवर, दुसरीचे वर्गोन्नतीवर, तिसरीचे खंडावर. एकच गुणपत्रिका एका दारात चालते आणि दुसऱ्या दारात अडते. म्हणून "शिष्यवृत्ती आहे" एवढे माहीत असणे पुरेसे नाही. ती कशावर टिकते, हे प्रवेशाच्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावे.

आता श्रेणींचा हिशोब. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून पदवी स्तरावर श्रेयांक व सत्र पद्धती आली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचविलेल्या दहा गुणांकांच्या श्रेणीत सर्वोच्च 'ओ' श्रेणीस १०, 'बी प्लस'ला ७, केवळ उत्तीर्णतेच्या 'पी'ला ४ आणि अनुत्तीर्णास शून्य धरले जाते. चार श्रेयांकांचे पाच विषय आहेत असे मानू. चार विषयांत 'बी प्लस' आणि पाचव्यात 'पी' मिळाल्यास सरासरी ६.४ येते. तोच पाचवा विषय अनुत्तीर्ण झाल्यास ती ५.६ होते. एका विषयातील काठावरची उत्तीर्णता संपूर्ण सत्राची सरासरी ०.८ ने उचलते. जो विद्यार्थी "हा विषय नंतर काढू" म्हणून आवडीच्या विषयांवरच सारा वेळ घालवितो, त्याने हा हिशोब एकदा स्वत: मांडून पाहावा. चार श्रेयांकांचा विषय सोडणे आणि दोन श्रेयांकांचा सोडणे, यांची किंमतही सारखी नसते.

तिसरी बाब प्रवेश सोडण्याची. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत मिळते का, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत यासाठी पायऱ्या ठरविल्या गेल्या. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण शुल्क, त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी सोडल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काहीच नाही. आठवडाभराचा विलंब काही हजारांना पडू शकतो, तो असा.

शैक्षणिक कर्जाचे दुखणे याहून खोल आहे. २००९-१० पासून चालू झालेल्या केंद्रीय व्याज अनुदान योजनेत ४.५ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांचे, अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष इतक्या मुदतीचे व्याज शासन भरते. परंतु अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास, अथवा शैक्षणिक वा शिस्तीच्या कारणास्तव काढून टाकले गेल्यास हे अनुदान बंद होते. अपवाद आहे तो वैद्यकीय कारणाचा, आणि त्यासाठी कागदपत्र लागते. आजारी मुलाच्या आईवडिलांना त्या धावपळीत डॉक्टरांचा दाखला जपून ठेवण्याचे सुचत नाही. तो जपला पाहिजे.

या अंधारात एक नवी खिडकी उघडली आहे. २०२१ साली 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. मिळविलेले श्रेयांक तेथे सामान्यत: सात वर्षांपर्यंत जमा राहतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते आणि पुढे परतताही येते. मात्र सावधगिरी येथेही हवी : श्रेयांक जमा राहिले, म्हणून शिष्यवृत्तीही जमा राहत नाही.

परदेशातही चित्र फारसे वेगळे नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील, तेथील नागरिक असलेल्या मुलांना संघराज्य शासनाचे साहाय्य मिळते. पण त्यांना 'समाधानकारक प्रगती' दाखवावी लागते. मध्येच सोडलेला विषय तेथे प्रयत्न केलेला पण पूर्ण न झालेला असा मोजला जातो. अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीपलीकडे साहाय्य मिळत नाही. सत्राचा ६० टक्के काळ होण्यापूर्वी सर्व विषय सोडून विद्यार्थी निघून गेला, तर साहाय्याचा काही भाग परत करावा लागतो. एकदा उत्तीर्ण झालेला विषय चांगल्या श्रेणीसाठी साहाय्याच्या बळावर पुन्हा घेता येतो, तोही एकदाच. तथापि तेथे दाद मागण्याची वाटही असते. आजारपण किंवा घरातील मृत्यू यांसारखे कारण सिद्ध करून आणि पुढील अभ्यासाची योजना मांडून विद्यार्थी साहाय्य चालू ठेवण्याची विनंती करू शकतो.

ही दाद मागण्याची वाट येथील धर्मादाय संस्थांनी मोकळी ठेवावी, एवढेच आजच्या विवेचनाचे सार आहे. शासकीय नियम लाखोंसाठी असतात. त्यांना प्रत्येक घराचे दार ठोठावता येत नाही. विश्वस्त संस्थेला ते शक्य असते. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. गरिबाच्या मुलाने श्रम करीत शिकावे आणि संस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहावे, हा त्यांनी घालून दिलेला धडा आहे. साहाय्य आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात.

त्या धड्याला अनुसरून संस्थांना काही सोप्या गोष्टी करता येतील. एक, नूतनीकरणाचा अर्ज नाकारण्यापूर्वी विद्यार्थ्याला पालकांसह बोलावून कारण विचारावे. दोन, राहिलेल्या विषयांच्या परीक्षा शुल्कासाठी वेगळी तरतूद ठेवावी. ही रक्कम अल्प असते, पण तिच्या अभावी संपूर्ण वर्ष वाया जाऊ शकते. तीन, पहिल्या अपयशाला साहाय्य बंद न करता एका सत्राची मुदत द्यावी आणि त्या काळात एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याने मुलाची विचारपूस करावी. चार, दुसऱ्यांदा अपयश आल्यास उरलेली मदत बिनव्याजी कर्जाच्या रूपाने द्यावी. दानाचा मान राखला जातो आणि घेणाऱ्याचाही.

विद्यार्थी मित्रहो, उरले ते तुमच्याकडे. विषय सोडण्यापूर्वी, खंड घेण्यापूर्वी, प्रवेश रद्द करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि साहाय्य देणाऱ्या संस्थेत, दोन्ही ठिकाणी विचारा. निकाल वाईट लागला तर तो लपवू नका. अनुत्तीर्ण झालेला विषय पुढील परीक्षेत निघतो. लपविलेला निकाल मात्र नूतनीकरणाच्या अर्जावर उघडा पडतो, आणि तोवर मदत करू इच्छिणाऱ्याचेही हात बांधलेले असतात. ज्या दिवशी गुणपत्रिका हाती येईल, त्याच दिवशी ती घेऊन या. चांगली असेल तर पेढे घेऊन या. नसेल तर नुसतेच या.