कुजवलेलं मत
(नायगावच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज कविता नाही, घोषणा नाही. आज आकडे. आकडे म्हटलं की आपली पोरं जांभया द्यायला लागतात. पण जांभई आवरा, कारण हे आकडे आपल्याच चाळींतून निघालेत, आपल्याच आज्या-आजोबांच्या बोटांतून.

‘मुंबई शहर उत्तर’ नावाचा एक लोकसभा मतदारसंघ होता. आज नकाशावर शोधाल तर सापडायचा नाही. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक 1951-52 ची. त्या वेळी इथे दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदारसंघ एक, मतदार तेच, खासदार दोन. प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नसायचं, शिक्का मारायचा नसायचा. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचं कणीस-विळा आणि आपला हत्ती. पडद्याआड जायचं, कागद पेटीत टाकायचा, बाहेर यायचं.

शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. राखीव जागेला बाबासाहेब, सर्वसाधारण जागेला अशोक मेहता. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांचे डांगे. बाकी किरकोळ.

निकाल सगळ्यांना पाठ आहे : बाबासाहेब पडले. ज्या माणसाने घटनेचा मसुदा केला तो त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत स्वतःच्या शहरात पडला. 14 एप्रिलला भाषणात हे वाक्य येतं, लोक हळहळतात, आणि वक्ता पुढं सरकतो. मी सरकणार नाही. मी वही उघडतो.

विठ्ठल गांधी 1,49,138. अशोक मेहता 1,39,741. काजरोळकर 1,38,137. बाबासाहेब 1,23,576. डांगे 96,755.

बाबासाहेब किती मतांनी पडले? 14,561. आता दुसरी वजाबाकी करा, जी कुणी करत नाही. मेहता आणि बाबासाहेब जोडीदार. एका व्यासपीठावरून मत मागितलेलं, एक मत झाडाला, एक हत्तीला. मग दोघांच्या मतांत फरक किती? 16,165. म्हणजे पराभवाच्या फरकापेक्षा जोडीदारातला फरक मोठा. मेहतांना पडली तेवढीच मतं बाबासाहेबांना पडली असती तर ते 1,604 मतांनी निवडून आले असते.

आता काँग्रेसची जोडी घ्या. गांधी आणि काजरोळकर यांच्यात फरक 11,001. तिथंही मागे राहिला तो राखीव जागेचाच माणूस. काजरोळकर आपले विरोधक, पण तेही अस्पृश्य समाजातलेच. सत्ताधारी पक्षाची बैलजोडी असो की पुरोगामी झाड, दोन्हीकडे जोडीतल्या दलिताचं नाव आलं की काही हजार हात मागे सरकले.

हा सगळा फरक जातीचाच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि आपल्याला आवडणारंही. पण त्यात दुसरी एक गोष्ट मिसळलेली आहे, आणि ती आपल्या घरातली आहे.

1937 ची निवडणूक आठवा. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भायखळा-परळमधून निवडून आले. काँग्रेसने समोर उभा केला होता क्रिकेटपटू पी. बाळू. तेव्हा मुंबई इलाख्यात अनेक जागांच्या मतदारसंघात एक सोय होती. तुमच्याकडे जेवढी मतं, तेवढी सगळी एकाच उमेदवाराला देता येत. थोड्या लोकांनी एकजूट केली तर आपला माणूस आपल्या ताकदीवर आणता येई. पुणे करारानंतर आपल्या हातात उरलेलं हे एक बारकं हत्यार होतं.

1951 च्या कायद्यात ते हत्यार नव्हतं. मतं दोन, पण एका उमेदवाराला एकच. दोन्ही कागद एकाच पेटीत गेले तर एक मोजायचा, दुसरा बाद. त्या निवडणुकीत या मतदारसंघात 74,333 मतं बाद झाल्याचं बाबासाहेब आणि अशोक मेहता यांच्या संयुक्त अर्जात आहे. बाबासाहेब 14 हजारांनी पडतात आणि 74 हजार मतं केरात! दुसरं मत वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, ही बाबासाहेबांची तक्रार होती, आणि तिचा रोख डांग्यांवर होता. अर्जाने निकाल बदलला नाही. काजरोळकर आणि गांधी पाच वर्षं बसले.

आपल्या वस्त्यांत या प्रकाराला शब्द होता : मत कुजवणं. धान्य कुजतं, प्रेत कुजतं, तसं मत कुजवायचं.

माझा आजा गिरणीत बदली कामगार. त्या दिवसाची गोष्ट तो मरेपर्यंत सांगायचा. म्हणायचा, ‘बाबांच्या हत्तीला मी दोन्ही कागद घातले. एक कशाला घालू? बाबांना कमी पडायला नको.’ हे सांगताना त्याची छाती फुगायची. पुढं माझ्या बापाने कायदा वाचून त्याला सांगितलं की तुझा दुसरा कागद बाद झाला. आजा दोन दिवस जेवला नाही. खरं म्हणजे त्याच्या त्या कागदाने बाबासाहेबांचं एकही मत कमी झालं नव्हतं. कमी झालं असेल तर मेहतांचं. पण त्याला ते पटवता आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच बसलं की आपण प्रेमाने चूक केली. त्या 74 हजारांत असे आजे किती आणि डांग्यांचं ऐकणारे किती, हे पेटीला विचारता येत नाही. पण नुसतं ‘त्यांनी दगा दिला’ म्हणून मोकळं होणाऱ्यांना मी माझ्या आज्याची गोष्ट मुद्दाम सांगतो.

दोन वर्षांनी, 1954 ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. परत दोन जागा, परत बाबासाहेब आणि अशोक मेहता. कार्यकर्ते म्हणाले, या वेळी आपण दुसरं मत कुजवू, मग बघू. सांगतात की बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मी घटना लिहिली, मी मत फुकट घालवायला सांगू? निकाल काय? मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले. पोरांनो, यावर मला भाष्य करता येत नाही. तुम्हाला येत असेल तर करा.

मग 1956 चा डिसेंबर. बाबासाहेब गेले. आणि 1957 ला ‘मुंबई शहर मध्य’ या दोन जागांच्या मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कोण आले? डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडत होतो त्यांच्याच खांद्याला खांदा! राजकारणात असं चालतं म्हणे. चालू द्या. पण एक नोंदवून ठेवा, समितीच्या वेळी सवर्ण कामगाराचं मत दलिताच्या पेटीत पडलं. म्हणजे ते पडू शकतं. सभा, मोर्चा, गोळीबार, सगळं एकत्र सोसलं होतं तेव्हा पडलं.

1961 मध्ये कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच मोडीत निघाले. जोडी तुटली, वजाबाकीही संपली. आता कुणी कुणाचं मत कापलं ते आकड्यांत दिसत नाही.

मग येतं 1974. मध्य मुंबईचे खासदार रा. धों. भंडारे. मूळ आपल्याच चळवळीतले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, 1967 आणि 1971 ला निवडून आले, 1973 ला बिहारचे राज्यपाल झाले. जागा रिकामी. काँग्रेसचे रामराव आदिक, मागे शिवसेनेचा पाठिंबा. कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. आणि पँथरची हाक : बहिष्कार!

5 जानेवारीला वरळीत बीडीडी चाळींजवळ सभा. दगड, लाठ्या, मग दंगल. 10 जानेवारीला मोर्च्यावर परळमध्ये इमारतीवरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. त्यानंतर मतदान. आदिक पडले, रोझा देशपांडे निवडून आल्या.

बघा आता. 1952 ला आपली तक्रार काय, तर डांग्यांनी लोकांना मत वाया घालवायला लावलं. 1974 ला आपणच मत वाया घालवलं, जाणूनबुजून, रक्त सांडून, आणि निवडून आली डांग्यांची मुलगी. हसू नका. मला वाटतं ही हसण्याची गोष्ट नाही. सत्ताधाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की ही मतं त्यांच्या गोठ्यातली नाहीत. एवढं काम त्या बहिष्काराने केलं. पण आदिक पडल्यावर दुसऱ्या दिवशी वरळीच्या चाळीत पोलिसांच्या दांडक्याशिवाय काय आलं? बहिष्काराने कुणाला पाडता आलं. कुणाला आणायचं याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि या प्रश्नावर आपल्या संघटना किती वेळा फुटल्या ते मोजायला माझी वही पुरायची नाही.

पुढचं भराभर सांगतो. 1977 ला दक्षिण मध्य मुंबईतून बापू चंद्रसेन कांबळे आले, ‘जनता’चे जुने संपादक. 1984 ला, देशभर काँग्रेसची लाट असताना, तिथूनच गिरणी संपाचे दत्ता सामंत. 1998 ला उत्तर मध्यमधून रामदास आठवले, काँग्रेसशी समझोता करून. 2008 ला पुन्हा सीमा आखल्या, पुन्हा वस्त्या इकडच्या तिकडं.

आणि आज? मुंबईत लोकसभेच्या सहा जागा आहेत. त्यातली राखीव एकही नाही. 1952 ला ज्या शहरात राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते त्या शहरात ती जागाच उरलेली नाही. इथून दिल्लीला माणूस पाठवायचा तर परत जोडी लागणार. कुणाची तरी मतं आपल्याला, आपली कुणाला तरी. तेव्हा दर निवडणुकीआधी व्यासपीठावर हात उंच धरून फोटो काढणाऱ्या प्रत्येक जोडीदाराला आपण तोंडावर विचारलं पाहिजे : तुमची मतं आमच्या पेटीत किती पडणार? 16,165 ने कमी की बरोबर?

माझ्या आज्याच्या ट्रंकेत बाबासाहेबांच्या प्रचाराचं एक पत्रक होतं. घडीवर फाटलेलं, हत्तीचं चित्र असलेलं. ते आज आणायचं होतं, पण आई म्हणाली, नेऊ नको, तुकडे पडतील. ज्यांना बघायचंय त्यांनी घरी या.