पाहुणे म्हणून जाऊ या

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या पहिल्या सभेत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवानिमित्त कांदाटी खोऱ्यातल्या एका गावाला भेट द्यायची, असं कमिटीनं ठरवलं आहे. दोन बस, तापोळ्याहून लाँच, जुने कपडे, वह्या आणि खाऊचं वाटप, ग्रुप फोटो, संध्याकाळी परत. बँकेत असताना मी त्या भागात फिरलोय, म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. तेव्हा थोडं स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

आधी ते गाव आपलं कोण लागतं ते पाहू. कोयना उगम पावते आपल्या क्षेत्र महाबळेश्वरला. १९६० च्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठची भाताची सपाट, काळीभोर शेतं पाण्याखाली गेली. कित्येक कुटुंबं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे उठून गेली. काही मात्र घर मोडून वर डोंगराला सरकली आणि तिथंच राहिली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ साली, म्हणजे यांचं सगळं होऊन गेल्यावर. आज कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. आपल्या जिन्यातला दिवा लागतो त्यात त्यांच्या शेताचा वाटा आहे. तेव्हा आपण त्यांना काही 'द्यायला' चाललोय, हे मनातून काढून टाका.

१९८० पासून देशभर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला. लोक त्याला आयआरडीपी म्हणत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला कर्ज आणि वर सबसिडी. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश. आम्हा फील्ड ऑफिसरांना टार्गेट असायचं. लाँचनं पलीकडे उतरायचं, चढ चढायचा आणि घरोघर जायचं. घर म्हणजे पुढं पडवी, आत चूल, बाजूला गोठा. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. घरातला कर्ता पुरुष मुंबईला माथाडी कामाला. मनिऑर्डर आली की मीठमिरची. गावात म्हातारी माणसं, बाया आणि पोरं.

एका घरी सत्तरीच्या मावशी होत्या. मी म्हशीचं कर्ज समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सायेब, म्हस देताय ते बरं. पर दूध न्यायचं कुठं? पावसात लाँच येईल तवा येईल. तवर म्हशीला काय रजा देऊ?"

माझ्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता! मी विचारलं, "मग काय हवं, मावशी?" त्या म्हणाल्या, "चार शेळ्या बगा. त्या चालत बाजाराला येत्यात." शेळ्यांची केस मी मंजूर करून घेतली आणि हप्ते वेळेवर आले. इतरांना म्हशी हव्या होत्या असं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं एवढंच. निघताना मावशींनी नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही पुढं केलं. घरात दुसरी वाटी नव्हती. मी जेवलो. तिथं नको म्हणणं हा अपमान होतो.

आता माझ्या सूचना. पहिली, जायच्या आधी कमिटीच्या दोघा-तिघांनी जाऊन गावाला विचारावं की आम्ही येऊ का, आणि आलो तर तुमच्या काय उपयोगी पडू. दुसरी, दोन बस नकोत. एका घरी चार-पाच माणसं, असे छोटे गट करू. जेवण त्यांच्याकडंच घेऊ आणि त्याचे रीतसर पैसे देऊ. आपल्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. तिथं पाहुणा मध विकत घेतो, दान देत नाही. तीच रीत इथं ठेवू. तिसरी, जुने कपडे नेऊ नयेत. आपल्याला जे घालवत नाही ते दुसऱ्यानं का घालावं? चौथी, विचारल्याशिवाय चुलीपाशी फोटो काढू नये, आणि "बघू, करू" असं बोलू नये. तिकडं शब्द लक्षात ठेवतात.

शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. जायचं असेल तर दर वर्षी जायचं. पोरांची नावं माहीत होईपर्यंत, आणि त्यांनी आपल्याकडं यात्रेचं बोलावणं पाठवेपर्यंत जायचं. त्यांनाही आपल्या गणपतीला बोलवायचं आणि आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच पंगतीला बसवायचं. आपल्या कितीतरी घरांत धुणीभांडी करणाऱ्या ताई, गेटवरचे वॉचमनदादा त्याच खोऱ्यातले आहेत. सुरुवात तिथूनही करता येईल. त्यांच्या गावाचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

एकदाच जाऊन यायचं असेल, तर त्यापेक्षा ते पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वापरा. मी विरोध करणार नाही. पण पाहुणे म्हणून जायचं ठरलं, तर माझं नाव पहिल्या गटात लिहा. गुडघे दुखतात, काठी घेऊन चढेन.