संस्थापकामागें पोशाखाची पेढी

माणूस जातो, परंतु त्याच्या नांवाची पाटी दुकानावर तशीच राहते. व्यापारांत यांत नवल कांहींच नाहीं. सराफाची पेढी मुलगा चालवितो, पुढें नातू चालवितो, आणि सोन्याचा कस त्यामुळें कमीअधिक होत नाहीं. पॅरिसमधील उंची पोशाखांच्या पेढ्यांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाहीं. तेथें कापडाबरोबर एका व्यक्तीची दृष्टि विकली जाते. ती दृष्टि मिटल्यावर तिच्या नांवानें पोशाख विकीत राहणें योग्य काय?

या प्रश्नाचें सर्वांत जुनें उत्तर म्हणजे रक्ताचा वारसा. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थानें १८५८ सालीं पॅरिसमध्यें पेढी काढली आणि १८९५ सालीं तो निवर्तल्यावर त्याच्या पुत्रांनीं ती संभाळली. त्यांनीं १९०१ सालीं पॉल प्वारे नांवाचा हुशार तरुण कामावर घेतला. पण त्याचे साधे, सैल पोशाख जुन्या गिऱ्हाइकांना रुचेनात. १९०३ सालीं त्यानें स्वतःची पेढी थाटली, आणि नव्या युगाची वेषरचना त्याच्या हातीं गेली. वारसांनीं वडिलांची गादी राखली, परंतु नव्याला घरांत जागा दिली नाहीं.

दिओरच्या पेढीनें निराळा मार्ग धरला. मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याच्या भांडवलावर ख्रिस्तियाँ दिओरनें ती १९४६ सालीं स्थापिली. पुढील फेब्रुवारींत त्याचे बारीक कमरेचे, भरघोस घेराचे पोशाख लोकांपुढें आले, आणि युद्धकाळाच्या काटकसरीला विटलेल्या स्त्रीवर्गाला त्यांनीं मोहून टाकलें. अवघ्या दहा वर्षांनीं, २४ ऑक्टोबर १९५७ रोजीं, दिओर इटलींत अकस्मात् मरण पावला. शिवणघरांतील कितीतरी स्त्रियांची रोजी त्या एका नांवावर अवलंबून होती. पेढीनें दिओरच्याच हाताखालीं तयार झालेल्या इव्ह सँ लोराँ या एकवीस वर्षांच्या तरुणाला पुढें केलें. जानेवारी १९५८ मध्यें त्यानें मांडलेल्या पोशाखांत कंबर मोकळी होती. कापड खांद्यापासून खालीं रुंदावत गेलें होतें. गुरूचें ठळक लक्षणच शिष्यानें सोडलें, तरीहि पॅरिसनें त्याचा जयजयकार केला.

याचें रहस्य शिवणघरांत आहे. कागदावरील रेखाटनाचा प्रथम मांजरपाटासारख्या साध्या कापडांत कच्चा नमुना होतो. तो अंगावर बेतला जातो, उसवला जातो, पुन्हां टाचला जातो, आणि मगच रेशमाला कात्री लागते. हें काम करणाऱ्या कारागिरणींना तेथें कौतुकानें ‘चिमुकले हात’ म्हणतात. रेषा बदलली, पण हात तेच राहिले. अर्थात् नव्याला मोकळीक देणें बोलण्याइतकें सोपें नसतें. १९६० सालीं सँ लोराँचीं काळ्या चामड्याचीं जाकिटें गिऱ्हाइकांना पटलीं नाहींत; तो सक्तीच्या लष्करी नोकरीवर जातांच पेढीनें त्याची जागा मार्क बोआँ यास दिली.

बालेन्सियागानें तर पेढीच मिटविली. शिवणकाम करणाऱ्या आईच्या पोटीं जन्मलेला हा स्पॅनिश कलावंत बेतणें, कापणें, शिवणें हीं सर्व कामें स्वतः करूं शके. १९३७ पासून पॅरिसमध्यें चाललेली पेढी त्यानें १९६८ सालीं बंद केली, आणि १९७२ सालीं तो वारला. यांतील मानीपणा आदरास पात्र आहे. परंतु बेकार झालेल्या कारागिरांच्या बाजूनें पाहतां त्याची किंमत दुसऱ्यांनीं भरली, असेंहि म्हणावें लागतें. आणि एवढें करूनहि नांव थांबलें नाहीं. तें अत्तराच्या बाटल्यांवर राहिलें, १९८६ सालीं नव्या मालकांकडे गेलें, आणि २०२१ सालीं त्या नांवाचे मापानें शिवलेले उंची पोशाख त्रेपन्न वर्षांनीं पुन्हां लोकांपुढें आले. त्याची विद्या मात्र त्याच्याकडे शिकलेल्या कुरेज आणि उंगारो यांनीं १९६१ व १९६५ सालीं काढलेल्या पेढ्यांत, दुसऱ्याच पाट्यांखालीं, आधींच नांदूं लागली होती.

नांव आणि विद्या यांतील हा भेद गाण्याच्या घराण्यांत कोणासहि कळतो. उस्तादाच्या आवाजाची नक्कल करणारा शिष्य फार दिवस मैफल जिंकीत नाहीं. तालीम पचवून स्वतःच्या गळ्यानें गाणाराच घराणें पुढें नेतो.

राहिला पैशाचा प्रश्न. असे पोशाख घेणारीं घरें थोडीं. पेढीचा संसार बव्हंशीं अत्तरें आणि हातपिशव्या यांवर चालतो. त्यांत लाज मानण्याचें कारण नाहीं. ती कमाई कोठें जाते एवढेंच पाहावें. गाब्रिएल शानेल १९७१ सालीं वारली, आणि १९८३ पासून कार्ल लागरफेल्डनें तिच्या पेढीला नवें रूप दिलें. त्याच पेढीनें १९८५ सालीं गुंड्या करणारें, १९९६ सालीं पिसांचें काम करणारें आणि २००२ सालीं भरतकामाचें अशीं जुनीं कारागीर-घरें आपल्या छत्राखालीं घेतलीं. नांवाची मिळकत अशी हातांकडे वळली, तर मृताच्या पाटीवर व्यापार केल्याचा दोष सौम्य होतो.

म्हणून संस्थापकामागें पेढी चालावी. पण तिच्या शिवणघरांत जुना हात नव्या हाताला शिकवीत असेल, आणि नव्या रचनाकाराला गुरूचें लक्षण सोडण्याची मुभा असेल, तोंवरच. ज्या दिवशीं शिवणघर रिकामें होऊन केवळ बाटलीवरचें नांव उरेल, त्या दिवशीं पाटी उतरविणेंच संस्थापकाच्या कीर्तीला शोभेल.