यादी एक, वाचक अनेक

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या सी भाषेंतील मोठा प्रोग्रॅम अनेक फाइलींत विभागलेला असतो. समजा, त्यांतील तीन फाइलींस चैत्र ते फाल्गुन या महिन्यांची यादी हवी आहे. ती प्रत्येकींत निरनिराळ्या नांवानें लिहिली, तर एकींत सुधारलेली चूक इतरांत तशीच राहते. सर्वांच्या सामाईक हेडरमध्यें संबंध यादी ठेवली, तर एकाच नांवाच्या तीन याद्या पाहून लिंकर जोडणी नाकारतो. ‘स्टॅटिक’ शब्दानें ती तक्रार मिटते. प्रती मात्र तीनच राहतात.

योग्य रीत अशी: यादी एकाच फाइलींत लिहावी व हेडरमध्यें ‘एक्स्टर्न’ शब्दासह तिचा केवळ निर्देश करावा. निर्देशांत बारा हा आंकडाहि द्यावा. नाहींतर इतर फाइलींस ‘साइझऑफ’नें यादीची लांबी काढतां येत नाहीं.

यादींत वस्तुतः नांवांकडे बोट दाखविणारे पॉइंटर असतात. म्हणून ‘कॉन्स्ट’ दोनदां हवा, एक अक्षरांसाठीं, दुसरा पॉइंटरांसाठीं. दुसरा विसरला, तर कोणतीहि फाइल चैत्राच्या जागीं आषाढ बसवील आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाहीं. घरांत पंचांग एकच असावें. तें वाचावें सर्वांनीं, खोडूं नये कोणींच.